हाफ मॅरेथॉनच्या वेळेवरून फुल मॅरेथॉनची वेळ कशी काढायची, आणि तिच्यावर किती विसंबायचं

डिसेंबर जवळ आला की पुण्यात पहाटेच्या अंधारात धावणाऱ्यांची गर्दी वाढते. विद्यापीठाच्या आवारात, तळजईवर, पाषाण तलावाच्या बाजूला, रेसकोर्सभोवती सगळीकडे गट दिसतात. १९८३ पासून चालत आलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन पूर्वापार डिसेंबरातली, आणि तिच्या पाठोपाठ जानेवारीत मुंबईची. या दिवसांत लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, संपवून पोह्यांच्या गाडीपाशी थांबलेल्या कुठल्याही घोळक्यात एक प्रश्न निघतोच : यंदा फुल किती वेळात? उत्तर बहुतेकदा मनगटावरून वाचून दाखवलं जातं. 'घड्याळ चार एकतीस दाखवतंय', 'माझं ॲप चार पंचवीस म्हणतंय'.

स्पर्धा झाली की त्याच घोळक्यात दुसरं वाक्य ऐकू येतं : 'बत्तीस किलोमीटरपर्यंत एकदम मस्त चाललं होतं, मग पाय संपले.' सहा-आठ महिने पहाटे उठून मेहनत केलेली माणसं शेवटचे दहा किलोमीटर चालत, लंगडत, स्वतःला दोष देत पूर्ण करतात. दर वर्षी इतक्यांच्या बाबतीत हे घडतं की त्याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही. यातलं बरंचसं आधी मोजता येतं. घड्याळातला आकडा कुठून येतो आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे, एवढं कळलं तरी खूप फरक पडतो.

हा आकडा येतो कुठून?

पीट रीगल नावाचे एक अमेरिकन अभियंता होते. त्यांनी १९७७ मध्ये एका धावण्याच्या मासिकात एक सूत्र मांडलं आणि १९८१ मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट' या नियतकालिकात त्याची सविस्तर मांडणी केली. वेगवेगळ्या अंतरांचे विक्रम त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. अंतर वाढत जातं तसा वेग कमी होतो हे उघड आहे, पण तो किती नेमाने कमी होतो हे त्यांनी दाखवून दिलं. आज इंटरनेटवर सापडणारे बरेचसे 'रेस टाइम कॅल्क्युलेटर' याच सूत्रावर चालतात.

सूत्र असं : नव्या अंतराला जुन्या अंतराने भागा, येणाऱ्या आकड्याचा १.०६ वा घात काढा आणि त्याने तुमच्या जुन्या वेळेला गुणा. हा १.०६ म्हणजे घातांक. तो नेमका १ असता तर अंतर दुप्पट झाल्यावर वेळही बरोबर दुप्पट झाली असती, म्हणजे माणूस कधी थकलाच नसता. १.०६ मुळे अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. व्यवहारात सांगायचं तर अंतर दुप्पट केलं की दर किलोमीटरला सव्वाचार टक्के जास्त वेळ लागतो. सहा मिनिटांचा पेस असेल तर तो सव्वासहा मिनिटांवर जातो. (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. पुढे ६:१५ असं लिहिलं की ६ मिनिटं १५ सेकंद समजावं.)

दहा किलोमीटर बरोबर एका तासात धावणाऱ्याला हे सूत्र हाफ मॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.१ किलोमीटरसाठी, २ तास १२ मिनिटं देतं आणि फुलसाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, ४ तास ३६ मिनिटं. गटांमध्ये चालणारा 'हाफची दुप्पट अधिक दहा मिनिटं' हा ठोकताळाही जवळपास तिथेच पोचतो.

आता यातली मेख. विक्रम कोण करतात? पाच हजार मीटरचा विक्रमवीर आणि मॅरेथॉनचा विक्रमवीर ही सहसा वेगवेगळी माणसं असतात आणि प्रत्येकाने आपापल्या अंतरासाठी वर्षानुवर्षं तयारी केलेली असते. अशा विक्रमांवरून काढलेलं सूत्र एक गोष्ट गृहीत धरून चालतं : तुमची तयारी दहा किलोमीटरसाठी जितकी पक्की आहे, तितकीच बेचाळीससाठीही आहे. नोकरी, घर, मुलांची शाळा सांभाळून आठवड्याला ३५ किलोमीटर धावणाऱ्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही.

हाफपर्यंत बरोबर, फुलला चूक

हा निव्वळ माझा अंदाज नाही. अँड्र्यू विकर्स आणि एमिली व्हर्टोसिक या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक हौशी धावणाऱ्यांच्या वेळा तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की हाफ मॅरेथॉनपर्यंत रीगलचं सूत्र छान जुळतं. फुलला मात्र निम्म्या लोकांच्या बाबतीत सूत्राने दिलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा किमान दहा मिनिटांनी वेगवान निघाली. आणि हे नुसतं दहा मिनिटांवर थांबत नाही, कारण त्या चुकीच्या वेळेवर बेतलेला पेस घेऊन माणूस पहिले तीस किलोमीटर धावतो आणि त्याची किंमत पुढच्या बारांत मोजतो.

एकवीसपर्यंत चालणारं गणित बेचाळीसला का बिघडतं? मोठं कारण इंधनाचं आहे. धावताना शरीर दोन प्रकारचं इंधन वापरतं : चरबी, आणि स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर. या साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. चरबी भरपूर असते, अगदी सडपातळ माणसाकडेही, पण ती सावकाश वापरली जाते. ग्लायकोजेन झटपट कामी येतं, पण त्याचा साठा जेमतेम ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरींचा. धावायला दर किलोमीटरला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला हाफला सुमारे १,३७० कॅलरी लागतील आणि फुलला सुमारे २,७४०. हाफ साठ्याच्या आत बसते. फुल बसत नाही.

पुण्याहून बाइकवर महाबळेश्वरला निघालात आणि टाकीत मोजकंच पेट्रोल आहे असं धरा. पन्नासच्या वेगाने गेलात तर गाडी चांगलं ॲव्हरेज देते आणि पाचगणी मागे पडते. ऐंशीने दामटली तर तेवढंच पेट्रोल वाईच्या आसपास संपतं. धावण्यात एका किलोमीटरला लागणारी एकूण ऊर्जा वेगानुसार फारशी बदलत नाही, बदलतो तो तिच्यातला साखरेचा वाटा. पेस जितका तुमच्या कुवतीच्या वरच्या टोकाकडे, तितकी चरबी बाजूला पडते आणि ग्लायकोजेनचं ॲव्हरेज घसरतं. ते संपत आलं की शरीर उरलेल्या चरबीवर गाडी ओढतं, पण जुन्या वेगाने नाही. तीस-बत्तीस किलोमीटरवर 'भिंत आडवी आली' असं धावणारे म्हणतात, ते यालाच.

दुसरं कारण पायांचं. डांबरावर तीस-पस्तीस हजार पावलं आपटल्यावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू सोलवटून निघतात. ही सहनशक्ती हळूहळू, भरपूर किलोमीटर धावूनच येते. दहा किलोमीटरच्या वेळेत तिचा मागमूसही नसतो. म्हणून तीच दहाची वेळ असलेले दोघे जण फुलला पाऊण तासाच्या अंतराने येऊ शकतात. एक जण आठवड्याला ७० किलोमीटर धावणारा असतो आणि दुसरा तिशीत अडकलेला.

स्वतःचा घातांक काढा

रीगलचा १.०६ प्रत्येकाला लागू पडतो असं नाही, पण तुमचा स्वतःचा घातांक काढता येतो. त्यासाठी दोन वेगवेगळ्या अंतरांच्या, जीव तोडून धावलेल्या, गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या वेळा हव्यात. समजा दहा किलोमीटर ५८ मिनिटांत आणि हाफ १३० मिनिटांत, म्हणजे २ तास १० मिनिटांत. फोनवरचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की लॉगरिदमचं बटण दिसतं. १३० भागिले ५८ चा लॉग काढा. मग २१.१ भागिले १० चा लॉग काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १.०८ येतं. या माणसाला सूत्राने दहाच्या वेळेवरून हाफला २ तास ८ मिनिटं दिली असती, त्याला दोन मिनिटं जास्त लागली. सहनशक्ती ठीक आहे, उत्कृष्ट नाही. त्याच घातांकाने फुलची वेळ ४ तास ३५ मिनिटं.

आता दुसरी व्यक्ती घ्या. दहा किलोमीटर तेवढ्याच ५८ मिनिटांत, पण हाफ २ तास २० मिनिटांत. घातांक येतो १.१८. या एकाच व्यक्तीला दहाच्या वेळेवरून कॅल्क्युलेटर फुलला ४ तास २७ मिनिटं सांगेल, हाफवरून ४ तास ५२ मिनिटं सांगेल आणि तिच्या स्वतःच्या घातांकाने उत्तर येईल ५ तास १७ मिनिटं. पन्नास मिनिटांचा फरक, आणि तिन्ही आकडे 'वैज्ञानिक'. या व्यक्तीने ४:२७ चा पेस धरून सुरुवात केली तर तिचं काय होणार हे स्टार्ट लाइनवरच लिहून ठेवता येईल.

घातांक १.०८ च्या खाली असेल तर पाया चांगला आहे. १.१२ च्या वर असेल तर वेग वाढवणारे इंटर्व्हल (मध्ये विसावा घेत मारलेल्या वेगवान फेऱ्या) बाजूला ठेवून सावकाश किलोमीटर वाढवण्यात जास्त फायदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या गटांमध्ये ट्रॅकवरच्या वेगवान फेऱ्यांना फार मान मिळतो आणि बोलत बोलत केलेल्या कंटाळवाण्या पंधरा किलोमीटरला कमी. फुलच्या बाबतीत हा मान उलटा हवा.

एक पथ्य मात्र पाळा. दोन्ही वेळा सारख्या वातावरणातल्या आणि सारख्या रस्त्यावरच्या घ्या. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची वेळ या गणितात घालू नका. तिचा पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढण्यात जातो आणि दुसरा उतरण्यात. ती वेळ साताऱ्याशीच ताडून पाहावी.

वीस सेकंदांची किंमत

वर आलेला २ तास १० मिनिटांत हाफ करणारा धावक घेऊ. कॅल्क्युलेटर हाफवरून त्याला ४ तास ३१ मिनिटं देतो, म्हणजे ६:२५ चा पेस. त्याचा आठवड्याचा सराव बेताचा आहे, म्हणून खरी कुवत ४ तास ४५ मिनिटांची आहे असं धरू, म्हणजे ६:४५ चा पेस. फरक किलोमीटरमागे वीस सेकंदांचा. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये हा फरक जाणवतच नाही. दोन आठवडे सराव कमी करून पाय ताजे झालेले असतात, पहाटेची हवा गार असते, ढोल वाजत असतात, शेजारचा पुढे निघालेला असतो. ६:२५ अगदी आरामात निघतो.

तो ६:२५ ने तीस किलोमीटर जातो. ३ तास १२ मिनिटं ३० सेकंद. ६:४५ च्या हिशेबापेक्षा दहा मिनिटं पुढे आहे आणि खूश आहे. मग भिंत येते. उरलेले बारा किलोमीटर थोडं धावत, थोडं चालत ८:३० च्या पेसने पडतात, आणि माझ्या मते ही उदार आकडेवारी आहे. त्या बारांना १०४ मिनिटं लागतात. एकूण ४ तास ५६ मिनिटं. सुरुवातीपासून ६:४५ धरला असता तर ४ तास ४५ मिनिटांत काम झालं असतं. तीस किलोमीटरमध्ये दहा मिनिटं कमावली आणि बारांत एकवीस घालवली. शिवाय त्या शेवटच्या पावणेदोन तासांचा त्रास वेगळाच.

पण ताज्या पायांनी थोडा वेळ गाठीला बांधून ठेवला तर काय बिघडलं?

हा सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. शेवटी थकणारच आहे, मग आधीच पाच मिनिटं पुढे राहू. वर दिलेला हिशेबच याचं उत्तर आहे, पण जगातले सर्वोत्तम धावपटू काय करतात तेही पाहू. केल्विन किप्टुमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत झाला. दुसरा भाग एका मिनिटाने वेगवान. उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वेगवान असला की त्याला 'निगेटिव्ह स्प्लिट' म्हणतात. त्याच्या आधीचा विक्रम एलिउड किपचोगेचा, बर्लिन २०२२, २ तास १ मिनिट ९ सेकंद. तिथे पहिला भाग ५९ मिनिटं ५१ सेकंदांचा होता आणि दुसरा ६१ मिनिटं १८ सेकंदांचा. किपचोगेसारखा माणूस त्या दिवशी थोडा आक्रमक निघाला आणि उत्तरार्धात दीड मिनिटाने मंदावला. तुमच्याआमच्या बाबतीत हाच फरक पंचवीस-तीस मिनिटांचा होतो.

या विषयावरचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या ९१ हजारांहून अधिक धावणाऱ्यांचे आकडे २०१५ मध्ये तपासले गेले. उत्तरार्धात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले आणि स्त्रिया ११.७ टक्क्यांनी. यात शरीराचा वाटा आहे : स्त्रियांचं शरीर लांब पल्ल्यात तुलनेने जास्त चरबी वापरतं, म्हणून साखर जास्त पुरते. पण निर्णयाचाही वाटा आहे. पुरुष सुरुवातीला स्वतःच्या कुवतीपेक्षा मोठा आकडा धरण्याची जोखीम अधिक घेतात. गटात पेस ठरवताना ताईंचं म्हणणं ऐकावं, असं मी नवख्या मुलांना आवर्जून सांगतो.

घड्याळाला तर माझं हृदय माहीत आहे

घड्याळ सूत्रापेक्षा थोडं जास्त पाहतं हे खरं. ठरावीक पेसला तुमचे ठोके किती पडतात त्यावरून ते शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ताडतं. या क्षमतेला व्हीओटू मॅक्स म्हणतात. त्यावरून ते ५, १०, २१ आणि ४२ किलोमीटरचे अंदाज देतं. पाच आणि दहाचे अंदाज बऱ्याचदा चांगले निघतात, कारण तिथे ही क्षमताच निर्णायक असते. फुलला निर्णायक असतात ते साठा आणि मांड्या, आणि या दोन्ही गोष्टी मनगटावर ठोके मोजणाऱ्या घड्याळातल्या हिरव्या दिव्याला दिसत नाहीत. नवी घड्याळं सरावाच्या किलोमीटरांचाही विचार करतात, त्यामुळे ती थोडी सावध झाली आहेत. तरीही थंडीत मनगटावरचं ठोक्यांचं मोजमाप भरकटतं. कधी कधी ते पावलांची लय हीच नाडी समजून बसतं, मग अंदाजही त्याच मार्गाने जातो.

'मग मी मनाने धावतो, आकडाच नको' असं काही जण म्हणतात. ज्यांनी आठ-दहा फुल केल्या आहेत त्यांनी जरूर तसं धावावं. पहिल्या-दुसऱ्या फुलला मन पहिले पंधरा किलोमीटर नेमाने फसवतं. तिथे एक साधी कसोटी उपयोगी पडते : शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पेस जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

चढ, उकाडा आणि रस्त्याची लांबी

सूत्राला रस्ता सपाट वाटतो आणि हवा सर्वत्र सारखी. तसं कुठेच नसतं.

चढावर पेस सांभाळायचा नसतो, दम सांभाळायचा असतो. चढाला जेवढा वेळ जातो तेवढा उतारावर परत मिळत नाही, कारण उतारावर स्नायूंना ब्रेक मारावा लागतो. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तिशीनंतरच्या किलोमीटरांत येतो. तोच चढ पाचव्या किलोमीटरला असता तर कुणाच्या लक्षातही राहिला नसता. पुण्यात टेकड्यांची सोय आहे. हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडीवर धावणाऱ्यांना चढावर पेस किती सोडायचा याचा अंदाज आपोआप येतो. तो अंदाज घड्याळात नसतो.

उकाड्याचा परिणाम लोक फार कमी लेखतात. मॅरेथॉनसाठी दहा अंशांच्या आसपासची हवा सर्वांत अनुकूल मानली जाते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे त्याच्या जवळ पोचता येतं. मुंबईत जानेवारीतही हवा उबदार आणि दमट असते, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. हा फटका सावकाश धावणाऱ्यांना जास्त बसतो, हेही अभ्यासांत दिसून आलं आहे. कारण सोपं आहे : अडीच तासांत पोचणारा सावलीतच घरी जातो, पाच तासांवाला ऊन डोक्यावर घेऊन शेवटचे दहा किलोमीटर करतो. पुण्यात साधलेला पेस मुंबईत जसाच्या तसा धरू नये. किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सोडून निघावं, असा माझा सल्ला.

आणि अंतर. अधिकृत मॅरेथॉनचा रस्ता प्रत्येक वळणाची आतली कड धरून, शक्य तितक्या जवळच्या मार्गाने मोजतात. गर्दीत वळसे घेत, पाण्याच्या टेबलाकडे जात-येत आपण ४२.६ किलोमीटर सहज धावतो. चार तासांचं लक्ष्य असेल तर कागदावर पेस ५:४१ येतो, पण घड्याळावर तोच ५:३८ दिसला पाहिजे, नाहीतर शेवटी दोन मिनिटं कमी पडतात. रीगल स्वतः अमेरिकेत शर्यतींचे रस्ते अचूक मोजण्याच्या कामात वर्षानुवर्षं गुंतलेले होते, यात मला नवल वाटत नाही. अंतर चुकलं की वेळेला अर्थ राहत नाही.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण द्यायलाच हवं. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमधून पुढे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. पण त्या शर्यतीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं. त्यांचा पेस चार मिनिटांच्याही किंचित आत येतो. आजच्या अंतराला त्याच पेसने वेळ सुमारे सव्वादोन मिनिटांनी कमी भरली असती. धावताना खायचं साखरेचं जेल नाही, घड्याळ नाही, आजच्यासारखे बूट नाहीत, आणि चारच्या आत पेस. पुण्यात धावणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं.

'बस' पकडावी का?

मोठ्या स्पर्धांत झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत पोचवणारे पेसर असतात. त्यांच्या मागच्या घोळक्याला सगळे बस म्हणतात. चांगला पेसर लाखमोलाचा. पण बस निवडताना लोक गोल आकड्याला भुलतात. ४ तास ४० मिनिटांची कुवत असलेला साडेचारच्या बसमध्ये चढतो, कारण '४:४५ म्हणजे अगदीच हळू'. पंचविसाव्या किलोमीटरला बसमध्ये किती जण उरतात ते एकदा पाहा. शंका असेल तर मागची बस धरावी. पस्तिसाव्यानंतर अंगात जोर उरला तर पुढे निघून जायला कुणी अडवत नाही. पेसरला आधी विचारूनही घ्यावं की तो सारख्या पेसने नेणार आहे की पाणी पिताना चालणार आहे. चालणारा असेल तर मधला पेस तुमच्या हिशेबापेक्षा वेगवान असणार.

मग ठरवायचं काय?

एक आकडा ठरवू नका, तीन ठरवा. वरच्या धावकाचं उदाहरण पुढे नेलं तर : सगळं जुळून आलं तर ४:३५, रास्त अपेक्षा ४:४५, दिवस वाईट असेल तर ५:००. सुरुवात नेहमी मधल्या आकड्याच्या पेसने करायची, आणि पहिले तीन-चार किलोमीटर त्याहूनही दहा सेकंद सावकाश. वरच्या आकड्याचा निर्णय तीस किलोमीटरनंतरच घ्यायचा. ५, १०, १५, २१, ३० आणि ३५ किलोमीटरला घड्याळात किती वाजलेले असायला हवेत ते कागदाच्या पट्टीवर लिहून, सेलोटेपने मनगटावर चिकटवून टाका. उंच इमारतींमध्ये आणि पुलाखाली जीपीएस भरकटतं, तिथे किलोमीटरची पाटी आणि ही पट्टी खरी.

खाण्याचंही तसंच लिहून ठेवा. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात गेली तर साठा लांबतो. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असते. भूक लागायची वाट न पाहता पहिल्या तासातच सुरुवात करायची, आणि जे स्पर्धेला खायचं तेच लाँग रनला खाऊन पाहिलेलं असावं. नवी गोष्ट पोटाला स्पर्धेच्या दिवशी दाखवू नये.

स्पर्धा झाली की वेळ आणि पेस वहीत उतरवून ठेवा, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगवेगळे. दोन्ही भागांत पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर पेस कुवतीला धरून होता, आणि आता तुमच्याकडे दहा, हाफ आणि फुल अशा तीन वेळा आहेत. हाफवरून फुलपर्यंतचा घातांक नव्याने काढा. पुढच्या वर्षी ॲपमध्ये १.०६ च्या जागी तो घाला. काही कॅल्क्युलेटरमध्ये ही सोय असते, नसेल तर फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. फरक पंधरा टक्क्यांच्या वर गेला असेल तर ती वेळ घातांकासाठी वापरू नका. तुमचे पाय किती चालू शकतात हे त्या वेळेवरून कळत नाही, पहिले तीस किलोमीटर किती जोरात गेले एवढंच कळतं.